पंधरा ट्रॉल्या जुनं डांबर

अनसिंग
३ मार्च २०२५

प्रिय काका,

सप्रेम जय भीम.

तुमच्याशी फोनवर बोलायचं नाही, अशी काकीची ताकीद आहे. "त्यायले जेवा म्हटलं तं थे चष्मा शोधतात, मंग तुयं काय आयकू येनार हाय," असं म्हणाली. चौतीस वर्षं सरकारी रोलरवर बसून तुम्ही जिल्ह्याचे रस्ते दाबले आणि त्या रोलरने तुमचे कान दाबले. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच द्या.

बातमी आनंदाची आहे. कंपनीने मला इथे अनसिंगला एका प्रयोगाची प्रमुख म्हणून पाठवलं आहे. गावाबाहेरचा जुना डांबरी रस्ता यंत्राने उकरला. तो उकरलेला माल फेकायचा नाही. तो चाळायचा, त्यात नवी गिट्टी आणि वेगळ्या प्रकारचं डांबर मिसळायचं आणि तोच रस्ता पुन्हा करायचा. सध्या तीनशे मीटरच. त्यासाठी पंधरा ट्रॉल्या जुना माल प्लांटच्या मागे ढीग करून ठेवला आहे. ८ एप्रिलला काम, त्या दिवशी कंपनीचे मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार. जमलं तर जिल्ह्यातले आणखी रस्ते असेच होतील आणि माझी नोकरी पक्की होईल. नाही जमलं तर मला पुन्हा ऑफिसात बसून दुसऱ्यांचे कागद तपासायचे आहेत, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

प्लांटचा इनचार्ज उत्कर्ष म्हणून आहे. तो माझ्या ढिगाला "मॅडमचं भंगार" म्हणतो. म्हणू दे. तुमचे जुने दोस्त सैफुद्दीन मुकादम इथेच राहतात ना? अजून भेटायला सवड झाली नाही.

तुमची
मंजुषा

*

कामरगाव
९ मार्च २०२५

चि. मंजुषास काकाचा जय भीम व आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा छाती फुगली, दुसऱ्यांदा घाम फुटला.

जुनं डांबर पुन्हा रस्त्यात? पोरी, आमच्या काळात हे काम चोर करायचे, आणि तेसुद्धा साहेब जेवायला गेल्यावर. उकरलेला माल खाली दाबायचा, वरून नवीन डांबराचा हात फिरवायचा, आणि बिल सगळं नव्याचं. तुझ्या कंपनीने त्यालाच प्रयोग असं नाव दिलेलं दिसतं. डांबर एकदा पांढरं पडलं की मेलं. मेलेल्याला कितीही तेल चोळलं तरी ते उठून बसत नाही, हे मी रोलरवरून पाहिलेलं आहे.

तू हुशार आहेस, पण सरळ आहेस. सरळ माणसाची सही सगळ्यांना हवी असते. तुझी सही कुठे कुठे झाली आहे ते लगेच कळव. पुढे कुठेही करू नकोस.

तुझी काकी म्हणते, हरभरा सोंगून झाला, ओला हरभरा ठेवला होता तो वाळून गेला, तरी पोरगी आली नाही.

तुझा काका
इंद्रभान

*

कामरगाव
९ मार्च २०२५

दोस्त सैफुद्दीन यास इंद्रभानचा सलाम.

रोजे सुरू आहेत, अशा दिवसांत तुला त्रास देतो आहे. पण काम तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझ्या भावाची मुलगी मंजुषा तुमच्या अनसिंगच्या प्लांटवर इंजिनिअर आहे. तिथे उकरलेल्या डांबराचा ढीग आहे. कंपनी तो माल पुन्हा रस्त्यात घालणार आणि कागदावर सही आमच्या पोरीची. पुढचं तुला सांगायला नको. असल्या कामात कोण सापडतं आणि कोण सुटतं, ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

रस्ता उकरला की खरवड गावाची, ही रीत आपणच तीस वर्षं चालवली. कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या वाटेला, ज्याला लागेल त्याला दिली. तर तू तो ढीग वाटून टाक. मंजुषा येत्या शनिवार-रविवारी नागपूरला प्रयोगशाळेत जाते असं तिच्या आईने सांगितलं. तेव्हाच उरकून घे. अनसिंगात मात्र एक टोपलंही दिसू देऊ नको, आजूबाजूच्या वस्त्यांवर आणि शेतातल्या गोठ्यांवर जाऊ दे. ढीगच राहिला नाही तर सही कशावर करणार?

पोरीला कळू देऊ नको. तिला उगीच वाटेल की काकाचा तिच्यावर विश्वास नाही.

तुझा
इंद्रभान

*

अनसिंग
१४ मार्च २०२५

प्रिय काका,

सही कुठे कुठे आहे म्हणून विचारलंत. सगळीकडे आहे! चाळणीच्या कागदावर, तपासणीच्या कागदावर, ढिगाच्या पाटीवरसुद्धा. प्रयोगच माझा आहे, कंपनीला मीच गळ घातली होती. तुम्हाला घाम फुटला हे वाचून मी हसले, पण मग वाटलं की चौतीस वर्षांच्या माणसाला नीट समजावून सांगायला हवं.

तुमचं अर्धं खरं आहे. उन्हाने आणि हवेने डांबर वाळतं, कडक होतं, मग थंडीत तडकतं. नुसतं तेच पुन्हा दाबलं तर ती चोरीच आहे. पण काका, त्यातली गिट्टी चांगली असते आणि डांबरही मेलेलं नसतं, वठलेलं असतं. आम्ही शंभर घमेल्यांत चाळीसच जुना माल घालतो, आणि नवीन डांबर साधं नसतं. त्यात पॉलिमर शिजवलेलं असतं. पॉलिमर म्हणजे रबराच्या जातीचा पदार्थ. जुन्याचा कडकपणा आणि नव्याची लवचीकता, दोघांचा संसार लावून द्यायचा. संसार लागला की नाही ते तपासायलाही रीत आहे. डांबराची दोरी गार पाण्यात ओढायची, मधोमध कापायची आणि तासाने बघायचं, ती किती मागे येते. माझी दोरी दहातले सात हिस्से मागे आली. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही" असं काकी तुमच्याबद्दल म्हणते ना? तुमचा विश्वास बसायचा नाही म्हणून पार्सलने एक डबी पाठवते आहे. तिच्यात दोन गोळे आहेत. एक नंबर, नुसतं जुनं डांबर. दोन नंबर, जुनं आणि पॉलिमरचं मिसळून. माठाच्या पाण्यात तासभर ठेवा, मग हाताने वाकवा. काकीला माठाचं आधी विचारा.

उद्या नागपूरला जाते, सोमवारी परत येईन.

तुमची
मंजुषा

*

अनसिंग
१७ मार्च २०२५

इंद्रभान भाई, सलाम.

(दादा बोलून राह्यले आणि मी जसंच्या तसं लिहून राह्यली. चूक झाली तर दादांची. — त्यांची नात सबिहा)

तुयं काम झालं. इतवारी सकायीच तीन ट्रॅक्टर लावले. रोजा होता, घशाले कोरड, पन दोस्ताचं काम म्हणजे आपलंच. तिथला चौकीदार आपल्याच गँगचा जुना मानूस हाय. त्यानं इचारलं, "मुकादम, काहून नेऊन राह्यले?" मी म्हटलं, "वरून हुकूम हाय." थो म्हणे, "मंग माह्यं काय जाते, न्या." अन् माह्यं नाव कोनाले सांगनार नाई म्हणे. दुपारपावतर जागा अशी साफ केली का कोंबडीले दाना सापडनार नाई. आसपासच्या गोठ्यावर, वस्तीवर, सगळीकडे एकेक ट्रॉली टाकून आलो. लोक दुवा देऊन राह्यले.

पन भाई, एक गोष्ट मले खटकली. पोरीनं त्या ढिगावर ताडपत्री टाकली होती. चारी कोपऱ्याले दगड ठेवले होते, अन् वरून पाटी. कचऱ्याले कोनी ताडपत्री टाकते का? मी अर्धा घंटा तिथं उभा राह्यलो. मंग म्हटलं, इंद्रभाननं सांगतलं हाय तं इचार करूनच सांगतलं असन.

ताडपत्री घडी करून ठेवली हाय. पोरीले देजो.

सैफुद्दीन

*

अनसिंग
१८ मार्च २०२५

काका,

ढीग गेला. सगळाच्या सगळा. सोमवारी आले तर जागा झाडून ठेवलेली. चोरसुद्धा इतका स्वच्छ नसतो.

चौकीदाराला विचारलं तर म्हणतो, "वरून हुकूम आला." कुणाचा? तर बोट आभाळाकडे करतो. तीन आठवड्यांवर काम आलं आहे. दुसरीकडचा जुना माल आणायचा तर त्याची सगळी तपासणी पहिल्यापासून, तेवढा वेळ नाही. वाशीमच्या कार्यकारी अभियंता साहेबांनी २ एप्रिलपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे: माल कुठे गेला आणि जबाबदार कोण.

काका, मला उत्कर्षचा संशय आहे. पहिल्या दिवसापासून तो भंगार भंगार करतो. रविवारी प्लांटवर होता, पण म्हणतो जेवायला गेलो होतो. चौकीदाराला "वरून" हुकूम देणारा दुसरा कोण असणार? मी खुलाशात त्याचं नाव लिहिणार आहे.

मी तुम्हाला कधी रडून पत्र लिहिलं नाही. हे लिहिलं.

मंजुषा

*

कामरगाव
२१ मार्च २०२५

चि. मंजुषास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. काळजी करू नकोस. वस्तू हरवली की सापडतेही. कधी कधी एखादा गरजवंत नेतो. इकडे ऊन फार आहे. पोस्टमन म्हणाला, तुमच्या पार्सलला डांबराचा वास येतो, पुन्हा असलं मागवू नका. डबी पोचली. गहू यंदा बरा आहे. खुलासा लिहायची घाई करू नकोस आणि कुणाचं नाव तर मुळीच लिहू नकोस, कारण उन्हाळ्यात माणसाचं डोकं तापलेलं असतं.

तब्येतीला जप.

तुझा काका
इंद्रभान

ता. क. मंजुषा, मी काकी लिहून राह्यली. तुह्या काकाने ते गोळे माह्या माठात टाकले. तासाभराने काढले. एक नंबर पापडावानी तुटला. दोन नंबर वाकवला, पिळला, ओढला, तं तो हळूहळू परत जागी येऊन राह्यला. मी म्हटलं, "अवं, हा तं जित्ता हाय!" तं तुहे काका खाटेवर बसले ते उठेच ना. दोन दिवस झाले, नीट जेवत नाहीत. काहीतरी लपवून राह्यले. तुले माहीत असन तं सांग. — विमलबाई

*

कामरगाव
२३ मार्च २०२५

मंजुषा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, म्हणजे उद्याच मिळेल.

ढीग मी उचलायला लावला. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच दिवशी सैफुद्दीनलाही पत्र लिहून मीच सांगितलं. उत्कर्षचा काही दोष नाही. "वरून हुकूम" म्हणजे तुझा काका. इतका वर मी आयुष्यात कधी नव्हतो.

का केलं ते सांगतो. सुटका व्हावी म्हणून सांगत नाही, तुला कळावं म्हणून सांगतो. त्र्याण्णव साली आमच्याकडे रविकांत नावाचा ज्युनियर इंजिनिअर होता. तुझ्यासारखाच सरळ. ठेकेदाराने खाली उकरलेला माल दाबला, वरून पातळ थर मारला. पहिल्या पावसात रस्ता उखडला. कागदावर सही रविकांतची, म्हणून निलंबित तो झाला. मी रोलरवर बसून सगळं पाहिलं होतं. चौकशीला साहेब आले, त्यांनी सगळ्यांना विचारलं, रोलरच्या ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही. मला विचारलं कुठे, असं मी स्वतःला बत्तीस वर्षं समजावत आलो.

तुझं पत्र वाचलं आणि मला रविकांतच्या जागी तू दिसलीस. पुढचा विचारच केला नाही. तुझी डबी माझ्या चिठ्ठीच्या आधी आली असती तर! दोन नंबरचा गोळा अजून माझ्या समोर आहे. वाकवला की परत सरळ होतो. त्याला बघितलं की मला माझीच लाज वाटते.

तू शिकलीस, तुझ्या रस्त्याची पारख तुला होती, आणि मी तुला न विचारता तुझा रस्ता उचलून वाटून टाकला. तुझा गुन्हेगार आहे.

इंद्रभान

*

अनसिंग
२६ मार्च २०२५

काका,

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर नंतर फाडावं लागलं असतं.

ढीग गेला त्याचा राग आहेच. त्याहून मोठा राग हा आहे की तुम्ही मला विचारलं नाही. मला पत्रात लिहिता की कुठेही सही करू नकोस, आणि त्याच दिवशी माझ्या कामावर स्वतःची सही करून मोकळे होता! मला वाचवायचं होतं तर मला सांगायचं. मी लहान असताना तुम्ही मला रोलरवर शेजारी बसवून म्हणायचात, "हँडल तुयाच हाती हाय, मी नुसता बसलो." तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता सत्तावीस वर्षांची आहे तर हँडल हातातून काढून घेतलंत?

उत्कर्षशी मी सहा दिवस बोलले नव्हते. काल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, मी भंगार म्हटलं, पण मी त्याला हात लावला नाही. तुमच्या घरच्यांनी म्हटलं काहीच नाही आणि सगळंच नेलं." त्यावर मला हसू आलं, म्हणजे राग थोडा उतरला असावा.

आता अडचण ऐका. २ तारखेला खुलासा द्यायचा आहे. तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही माझे काका. नाही लिहिलं तर मी खोटी. तुम्हीच सांगा काय लिहू. यावेळी मी विचारते आहे.

मंजुषा

*

दि. २८ मार्च २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
वाशीम.

विषय : अनसिंग येथील जुन्या डांबराचा ढीग हलवल्याबाबत कबुली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, मी इंद्रभान सखाराम पडघान, वय ७३, निवृत्त रोलर चालक, राहणार कामरगाव, ता. कारंजा. अनसिंग येथील पंधरा ट्रॉल्या जुन्या डांबराचा ढीग दि. १६ मार्च रोजी माझ्या सांगण्यावरून हलवण्यात आला. प्रयोगाच्या इंजिनिअर कु. मंजुषा पडघान या माझ्या पुतणी असून त्यांना याची काहीही माहिती नव्हती. प्लांटचे इनचार्ज श्री. उत्कर्ष यांचाही संबंध नाही. चौकीदार व निवृत्त मुकादम सैफुद्दीन यांनी माझ्यावर विश्वास ठेवला एवढीच त्यांची चूक आहे.

सदर माल टाकाऊ आहे असा माझा समज होता. माठातील पाण्यात तपासणी केली असता तो समज चुकीचा निघाला.

याबाबत मला कोणीही विचारलेले नाही. तरीही सांगत आहे.

आजपासून मी अनसिंग येथे राहून जेवढा माल परत मिळेल तेवढा गोळा करणार आहे. शिक्षा असेल ती मला व्हावी. मला ऐकू कमी येते, तरी रागवायचे असल्यास कृपया लेखी रागवावे.

आपला विश्वासू,
इं. स. पडघान

*

अनसिंग, सैफुद्दीनचं घर
१ एप्रिल २०२५

विमल,

मी खुशाल आहे. अर्ज स्वतः देऊन आलो. बाबूने पोच दिली आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं कुणी स्वतःहून तुरुंगाची किल्ली मागायला आलं आहे. काल ईद झाली. लतीफा वहिनीने शिरखुर्मा इतका वाढला की मी वाटीवर हात ठेवला तर हातावर ओतायला निघाली. तुझ्यासाठी डब्यात देणार होती, पण उन्हात टिकला नसता.

आता कामाचं. चार दिवस आम्ही दोघं म्हातारे ट्रॅक्टरवर बसून वस्ती वस्ती फिरतो आहोत. दारात जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं की दिलेलं परत द्या. आपल्याकडे दान परत मागण्याइतकं खालचं काम नाही. लोक काय काय बोलले! मला शिव्या ऐकू येत नाहीत, त्यामुळे माझ्या वाटच्या सगळ्या सैफुद्दीनला ऐकाव्या लागल्या. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे बघून म्हणतो, "भाई, बहिरा तू, अन् कान माहे पिकले."

एक बरं झालं. गहू-हरभऱ्याची घाई म्हणून बहुतेकांनी माल पसरलाच नव्हता, ट्रॉलीने टाकला तसाच दारात पडून होता. आम्ही वरचा वरचा टोपल्याने भरला, मातीला लागलेला सोडून दिला. एक तुळसाबाई म्हणून आहे, तिने मात्र गोठ्यात पसरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून टाकला होता. सबिहा पाटीवर लिहून मला सांगायची कोण काय म्हणतं ते. तिने लिहिलं: "तुळसाबाई म्हणते, माही म्हैस दर पावसाळ्यात घसरते. आता नाई घसरत. माल न्याचा असन तं म्हशीले इचारा." मी गोठ्यात गेलो, बघितलं. विमल, काय सुंदर ठोकला होता! मी रोलरने इतका सपाट केला नसता. शिवाय त्यात शेण गेलं होतं. मी म्हशीला नमस्कार केला आणि परत आलो.

पंधरातल्या अकरा ट्रॉल्या गोळा झाल्या. मंजुषा प्लांटवर उभी होती. माझ्याशी बोलली नाही. प्रत्येक ट्रॉलीतला माल हातात घेऊन बघत होती, चाळणीवर टाकत होती, खडा चुकीचा दिसला की बाजूला. शेवटची ट्रॉली रिकामी झाली तेव्हा पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली आणि झाकण स्वतः उघडून दिलं. मी पाणी प्यालो आणि रडलो. तुला सांगायला काय लाज.

इंद्रभान

*

अनसिंग
१० एप्रिल २०२५

प्रिय काका,

सप्रेम जय भीम.

तुम्ही ७ तारखेला गावी निघून गेलात. थांबा म्हटलं तर म्हणालात, "माह्या पायगुनानं पाऊस येईन." एप्रिलात कुठला पाऊस! झालं ते आता नीट ऐका.

अकरा ट्रॉल्यांत तीनशे मीटर होत नव्हते, म्हणून दोनशे वीस केले. तपासणी पुन्हा केली, दोन-चार टोपली माती वेगळी निघाली, बाकी माल ठणठणीत. पॉलिमरचं डांबर ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर पॉलिमर वेगळं होऊन वर येतं, म्हणून उत्कर्ष पहाटेपासून टाकीपाशी उभा होता. माल फावड्यावरून असा काळाभोर, चकचकीत उतरला की तोच म्हणाला, "मॅडम, भंगाराले तं रूप आलं!" आता तो सगळ्यांना आमचं भंगार म्हणून सांगतो. "आमचं" हे लक्षात घ्या.

कार्यकारी अभियंता साहेब आले होते. त्यांनी तुमचा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. माठातल्या तपासणीपाशी मुंबईचे साहेब खुर्चीतून वाकून हसले. मी मात्र खाली मान घालून उभी. मग कार्यकारी अभियंता साहेब गंभीर झाले. म्हणाले, "तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे 'मी केलं नाही' असे हजार अर्ज आले. 'मी केलं' असा हा पहिला." माझा खुलासा त्यांनी तुमच्या अर्जाला जोडून प्रकरण बंद केलं. वर एक हुकूमही काढला की यापुढे अशा ढिगावर ठळक पाटी लावावी: "हा माल कामाचा आहे. गावाने नेऊ नये."

रस्ता आता पावसाळा बघेल, मग खरं काय ते कळेल. माझा राग गेला आहे. कधी गेला ते सांगता येणार नाही, बहुतेक सातव्या-आठव्या ट्रॉलीपाशी. काकीला सांगा, रविवारी जेवायला येते.

तुमची
मंजुषा

*

वाशीम
१२ जानेवारी २०२६

प्रिय काका,

सप्रेम जय भीम.

मोठं काम झालं! पावसाळा गेला, निम्मी थंडी गेली, उसाच्या आणि सोयाबीनच्या किती गाड्या त्या दोनशे वीस मीटरवरून गेल्या. मागच्या आठवड्यात नळीने रस्त्याचे तुकडे काढून तपासले. एक तडा नाही, एक खड्डा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा साधा रस्ता तीन ठिकाणी बसला आहे. माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र काल आलं. सैफुद्दीन चाचांनी गावात पेढे वाटले. ही खरवड मात्र परत मागणार नाही म्हणे.

आता या पत्राचं खरं कारण. पुढचं काम मला दिलं आहे, सहा किलोमीटर. रस्ता आहे धनज ते कामरगाव.

तो रस्ता पहिल्यांदा डांबरी झाला शहाऐंशी साली. जुने कागद काढून बघितले, त्यात रोलर चालकाचं नाव आहे: इं. स. पडघान. म्हणजे जे डांबर मी उकरणार, वितळवणार आणि त्यात नवीन मिसळणार, ते तुम्ही दाबलेलं आहे. चाळीस वर्षं झाली त्याला. त्या नावावर बोट ठेवून मी ते तीनदा वाचलं. साहेबांना वाटलं काही चूक सापडली.

परवानग्या सगळ्या आल्या आहेत, यंत्र महिनाअखेर येईल. तुमच्या परवानगीची सरकारला गरज नाही. मला आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी विचारते:

काका, उकरू का?

तुमची
मंजुषा

*

कामरगाव
१७ जानेवारी २०२६

चि. मंजुषास काकाचा जय भीम.

तुझं पत्र काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इचारून काय, तुमी नाई म्हटलं असतं तं थे थांबली असती का?" मी म्हटलं, थांबली असती. तिचा विश्वास बसला नाही. पण मला खात्री आहे, थांबली असतीस, आणि म्हणूनच मी नाही म्हणणार नाही.

उकर.

त्या रस्त्यावर कुणी मला कधी काही विचारेल असं वाटलं नव्हतं. नोकरीत सगळे साहेब येऊन सांगून गेले, विचारलं पहिल्यांदा तू. आता विचारलंच आहेस तर नीट लिहून घे. वरचा थर माझ्या निवृत्तीनंतरचा आहे, तो चटकन सुटेल, त्याच्यात फारसा दम नाही. त्याच्याखालचा माझा. तिथे यंत्र हळू चालव, मंजुषा. तो सहजासहजी सुटायचा नाही. मी मनापासून दाबला होता.

तुझा काका
इंद्रभान